सामना पाहायला आलेला पाहुणा

क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी १८ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री मुंबईहून अहमदाबादकडे खास गाड्या सुटल्या. वैतरणेचा पूल ओलांडून सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर अशी आमची स्टेशनं मागे टाकत त्या गुजरातेत शिरल्या. माकुणसार हे सफाळे आणि केळव्याच्या मधलं गाव. इथल्या माणसाला खरं तर वानखेडे जवळचं. २०१३ च्या एप्रिलमध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, आणि चर्चगेटला उतरलं की मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. शेजारच्या माहीम गावचा शार्दूल ठाकूर याच रुळांवरून किटबॅग खांद्याला लावून मुंबईला खेळायला जात असे. त्या विश्वचषकाच्या भारतीय संघातही तो होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी अंतिम सामना सुरू झाला तेव्हा आमच्याकडच्या वाड्यांमधून माणूस दिसेना. सगळे टीव्हीसमोर.

भारताच्या डावाचं चौदावं षटक चालू होतं. विराट कोहली आणि के. एल. राहुल खेळत होते. तेवढ्यात एक तरुण कुंपण ओलांडून थेट खेळपट्टीपर्यंत पोचला. टी-शर्टवर पॅलेस्टाईनवरची बॉम्बफेक थांबवा अशा अर्थाची घोषणा, तोंडावर त्या झेंड्याच्या रंगांचा मास्क. त्याने कोहलीला जवळ घ्यायचा प्रयत्न केला आणि सुरक्षारक्षकांनी त्याला धरून बाहेर नेलं. पडद्यावर हे सगळं काही सेकंदांत संपलं. भारत सामना सहा गड्यांनी हरला, त्या दुःखात लोक त्या तरुणाला विसरूनही गेले. त्याला मात्र चांदखेडा पोलीस ठाण्यात नेलं होतं. तो ऑस्ट्रेलियाचा नागरिक होता.

त्याने केलं ते योग्य की अयोग्य, हा इथला विषय नाही. दार बंद झाल्यावर काय होतं, तो विषय आहे. ज्या देशाची भाषा येत नाही, कायदा माहीत नाही, ओळखीचं कोणी नाही, तिथल्या पोलीस ठाण्यात बसलेल्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं? आज तो ऑस्ट्रेलियाचा असतो. उद्या दुबईत किंवा न्यू यॉर्कमध्ये आपल्या घरातला असू शकतो. म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही.

आधी गुन्ह्याचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. अहमदाबादच्या त्या प्रकरणात भारतीय दंड संहितेची ४४७ आणि ३३२ ही दोन कलमं लावली गेली. ४४७ म्हणजे फौजदारी अतिक्रमण, जिथे जायची परवानगी नाही तिथे घुसणं. शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने, दंड पाचशे रुपये, आणि गुन्हा जामीनपात्र. ३३२ म्हणजे लोकसेवकाला कामापासून रोखण्यासाठी दुखापत करणं. हा अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नुसतं मैदानात धावला असता तर जामीन हा त्याचा हक्क होता आणि पोलिसांना तो ठाण्यातच द्यावा लागला असता. धरायला आलेल्या पोलिसाशी झटापट होऊन त्याला लागलं, असं फिर्यादीत आलं की गोष्ट मॅजिस्ट्रेटसमोर जाते. या प्रकरणात ती गेली, आणि एक दिवसाची पोलीस कोठडी मिळाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात अतिक्रमणाचा दंड पाच हजारांपर्यंत गेला आणि लोकसेवकाला दुखापत करण्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हणजे परदेशी प्रेक्षकाची खरी अडचण बहुधा मैदानात जाण्याने होत नाही, पकडताना हात झटकण्याने होते. हे मी गंभीरपणे लिहितो आहे: कोणी धरलं तर अंग सैल सोडावं. वाद नंतर घालता येतो, त्यासाठी न्यायालय आहे.

मैदानात शिरणाऱ्याकडे हसून बघण्याचाही एक काळ होता. १९६० च्या जानेवारीत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेग खेळत असताना एका तरुणीने मैदानात येऊन त्याच्या गालाचा मुका घेतला, आणि ती क्रिकेटमधली एक गोड आठवण होऊन राहिली. ३० एप्रिल १९९३ ला हॅम्बुर्गमध्ये मोनिका सेलेसच्या पाठीत एका प्रेक्षकाने सुरा खुपसला. त्यानंतर कुंपण ओलांडून आलेल्या माणसाकडे कोणताच पोलीस गोड नजरेने बघू शकत नाही. पोलिसांची भीती खरी आहे, हे आधीच मान्य करून पुढे जाऊ.

आपल्या राज्यघटनेत दोन शब्द अतिशय विचारपूर्वक वापरले आहेत, ‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’. अनुच्छेद १९ मधलं भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, देशभर फिरण्याचं स्वातंत्र्य नागरिकाला आहे. अनुच्छेद २१ मधला जीविताचा आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क मात्र ‘व्यक्ती’ला आहे. कायद्यापुढच्या समानतेचा अनुच्छेद १४ तसाच. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडण्याचा अनुच्छेद २० तसाच. अटकेची कारणं सांगणं, वकील करू देणं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं, हे सांगणारा अनुच्छेद २२ देखील तसाच. त्याला अपवाद शत्रुराष्ट्राच्या नागरिकाचा आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा. म्हणून त्या ऑस्ट्रेलियन तरुणाला टी-शर्टवरच्या घोषणेसाठी अनुच्छेद १९ चा आधार घेता आला नसता, पण कोठडीत शिरल्या क्षणापासून त्याची आणि चांदखेड्याच्या रहिवाशाची पातळी एकच. घटना लिहिणाऱ्यांनी ही रेघ अगदी योग्य जागी ओढली आहे, असं मला मनापासून वाटतं. देशात कोणी राहायचं आणि काय बोलायचं हे राज्य ठरवू शकेल. पकडलेल्या माणसाशी कसं वागायचं यात मात्र पासपोर्टचा रंग बघायचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. १९९१ मध्ये भारतात अनेक दशकं राहिलेल्या बेल्जियन मिशनऱ्याच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की परदेशी माणसाला अनुच्छेद २१ चं संरक्षण आहे, पण इथे स्थायिक होण्याचा हक्क त्यातून निघत नाही. २००० मध्ये हावडा स्टेशनवर बलात्काराला बळी पडलेल्या बांगलादेशी महिलेला रेल्वेने दहा लाख रुपये भरपाई द्यावी हा आदेश कायम ठेवताना हाच धागा पुढे नेला. ती भारताची नागरिक नाही, हा रेल्वेचा बचाव टिकला नाही.

आता ठाण्यात काय घडायला हवं ते. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसायला हवं. अटकेचा कागद तिथेच व्हायला हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायला हवं. वैद्यकीय तपासणी हवी. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात न्यायालयाने घालून दिलेले हे नियम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलमांच्या रूपाने आले आहेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही; नोटीस देऊन हजर राहायला सांगणं हा पहिला मार्ग, आणि अटक केली तर का केली हे पोलिसांनी लिहून ठेवायचं. परदेशी माणसाच्या बाबतीत ‘पळून जाईल’ हे कारण चटकन लिहिलं जातं. ते कधी खरंही असतं. पण परतीचं तिकीट दोन आठवड्यांनंतरचं असेल, हॉटेलचं बुकिंग असेल, पासपोर्ट जमा करायची तयारी असेल, तर वकिलाने हे पहिल्याच सुनावणीत मांडायला हवं.

दिवस-रात्रीचे सामने रात्री दहा-अकराला संपतात, म्हणून एक नियम इथे मुद्दाम सांगतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. हा नियमही नागरिकत्व विचारत नाही.

पण या सगळ्या यादीहून मला एक गोष्ट मोठी वाटते, ती म्हणजे भाषा.

पालघर असो, सफाळे असो, आपल्या पोलीस ठाण्यातलं काम मराठीत चालतं आणि ते तसंच चालायला हवं. फिर्याद मराठीत, अटक पंचनामा मराठीत, स्टेशन डायरी मराठीत. समजा एखादा पोर्तुगीज किंवा जपानी प्रेक्षक आपल्यासमोर बसला आहे. त्याच्यापुढे चार पानं सरकवून ‘साइन हिअर’ म्हटलं जातं. तो सही करतो, कारण सही केली की सुटका होईल असं त्याला वाटतं. त्या चार पानांत काय आहे, हे त्याला सहा महिन्यांनी कळतं. यात पोलिसांचा दुष्टपणा असायची गरज नाही. रात्री एक वाजता जपानी जाणणारा माणूस आणायचा कुठून, हा त्यांचाही प्रश्न असतो. तरी जे वाचता येत नाही त्यावर सही करू नये आणि सही करणं भागच असेल तर आपल्या भाषेत ‘मला हे समजलेलं नाही’ असं वर लिहून करावी, एवढं त्या माणसाला माहीत हवं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही आणि तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हेही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जागी मोठं पाऊल टाकलं. प्रकरण मुंबईतलं, वरळीच्या एका गाडी अपघाताचं, आणि आरोपी भारतीयच. पण निकाल सगळ्यांना लागू: अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. ताबडतोब शक्य नसेल तर तोंडी सांगून नंतर लेखी, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. नाही दिली तर अटक बेकायदा. परदेशी माणसासाठी ‘समजणाऱ्या भाषेत’ या दोन शब्दांची किंमत किती, हे कळायला युरोपातली एक गोष्ट ऐकायला हवी.

२००४ साली युरोपीय फुटबॉल स्पर्धा पोर्तुगालमध्ये होती. अल्बुफेरा या समुद्रकाठच्या गावात इंग्रज समर्थकांची दंगल झाली आणि पोलिसांनी काही जणांना उचललं. त्यातल्या एका मध्यमवयीन गृहस्थाचं म्हणणं होतं की मी त्या वेळी दुसऱ्याच बारमध्ये होतो आणि माझ्याकडे साक्षीदार आहेत. अटकेनंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्याचा खटला उरकलासुद्धा. वकिलाशी बोलायला जेमतेम काही मिनिटं मिळाली. अनेक आरोपींमध्ये दुभाषी एकच, आणि कोर्टात काय चाललंय ते त्याला धड कळत नव्हतं. दोन वर्षांची शिक्षा झाली. देश सोडून गेलास तर शिक्षा भोगावी लागणार नाही, असं सांगून त्याला घरी पाठवलं. गोष्ट संपली असं त्याला वाटलं. काही वर्षांनी पोर्तुगालने युरोपीय अटक वॉरंट काढलं. इंग्लंडच्या न्यायाधीशांनाही हे सगळं अन्यायाचं वाटत होतं, पण कायद्यात त्यांचे हात बांधलेले होते. २०१० मध्ये त्याला पोर्तुगालच्या हवाली करण्यात आलं. सामना बघायला गेल्याला तोवर सहा वर्षं उलटली होती.

अशा प्रकरणांमुळे युरोपीय संघाला जाग आली. त्याच वर्षी, २०१० च्या ऑक्टोबरात, फौजदारी खटल्यात दुभाषी आणि भाषांतर मिळण्याच्या हक्काचा निर्देश निघाला. २०१२ मध्ये दुसरा: अटक झालेल्याच्या हातात त्याच्या भाषेत हक्कांचं पत्र द्यायचं. २०१३ मध्ये तिसरा, वकिलाचा आणि आपल्या दूतावासाशी बोलण्याचा. आपल्याकडे न्यायालयात साक्ष चालू असताना आरोपीला समजेल अशा भाषेत ती सांगायची तरतूद जुनीच आहे. ठाण्यातल्या पहिल्या रात्रीसाठी तसं हक्काचं पत्र मात्र अजून नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि आणखी पाच-सात भाषांमध्ये एक छापील पान प्रत्येक ठाण्याच्या कपाटात ठेवणं, यात अवघड काय आहे? वानखेडेवर विश्वचषकाचा सामना असेल त्या आठवड्यात तरी ते निघावं, ही माझी कळकळीची मागणी आहे.

वकिलाच्या बाबतीत आपण पुष्कळ पुढे आहोत, आणि त्याचं श्रेय महाराष्ट्रातल्याच एका खटल्याला जातं. तो खटला मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या अजमल कसाबचा. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली. त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर आणलं त्या क्षणी वकिलाचा हक्क सुरू होतो. तुला वकील करता येईल, पैसे नसतील तर सरकारी खर्चाने मिळेल, हे मॅजिस्ट्रेटने त्याला स्वतःहून सांगायचं. आणि जो मॅजिस्ट्रेट हे कर्तव्य चुकवेल त्याच्यावर खात्याची कारवाई व्हावी. ज्याच्याबद्दल देशात कोणाच्याही मनात कणव नव्हती अशा परदेशी माणसाच्या खटल्यात हे लिहिलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयात त्याची बाजू मांडायला वकील नेमले गेले, सर्वोच्च न्यायालयातही राजू रामचंद्रन यांनी ती मांडली. हा निकाल मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मला आपल्या न्यायव्यवस्थेचा अभिमान वाटतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि नागरिकत्वाचीही नाही. तालुका पातळीवर विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो.

जामीन मिळाल्यावर परदेशी माणसाची दुसरी परीक्षा सुरू होते. न्यायालय स्थानिक जामीनदार मागतं. सातबारा किंवा पगारपत्रक घेऊन उभा राहणारा माणूस त्याने आणायचा कुठून? त्याच्या वकिलाने जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू देण्याची विनंती करावी, कायद्यात त्याला जागा आहे. पासपोर्ट पोलीस जप्त करू शकतात, पण तो कायम अडकवून ठेवण्याचा अधिकार त्यांना नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. न्यायालय मात्र जामिनाची अट म्हणून तो जमा करून घेतं. जुलै २०२४ मध्ये एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी दोन गाठी सोडवल्या. आरोपीने फोनवरून आपला ठावठिकाणा सतत पोलिसांना दाखवत राहावं ही अट चालणार नाही. आणि ‘हा देश सोडून जाणार नाही’ असं दूतावासाचं प्रमाणपत्र आणण्याची सक्तीही नको, कारण ते देणं आरोपीच्या हातात नसतं.

तरी सगळ्यात मोठी अडचण राहतेच: व्हिसा तीस दिवसांचा आणि खटला दोन वर्षांचा. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नाही, आणि व्हिसा संपल्यावर राहिलं तर तो वेगळा गुन्हा. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे त्याने मोडीत काढले. मुदत संपूनही राहण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड. म्हणून जामिनाच्या दिवशीच परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे मुदतवाढीचा अर्ज करायला हवा. मुंबईत त्याचं वेगळं कार्यालय आहे, आपल्या जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षकांकडे असतं.

केळव्याला किनाऱ्यालगत जी घरगुती निवासाची सोय आहे, त्या घरवाल्यांनीही इथे थोडं लक्ष द्यावं. मुंबईतला सामना झाल्यावर दोन दिवस समुद्राकाठी राहायला परदेशी पाहुणा आला, तर तो उतरल्यापासून चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. सी फॉर्म म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. ओळखीचा असला, पैसे घेतले नसले तरीही. ही नोंद नसेल तर अडचणीत पाहुणाही येतो आणि घरमालकही. नोंद असेल तर पाहुण्याला पकडल्यावर तुम्ही छाती पुढे काढून ठाण्यात जाऊ शकता, त्याचा मित्र म्हणून तुमचं नाव अटकेच्या कागदावर येऊ शकतं, तुमचा फोन हाच त्याचा या देशातला पहिला आधार होतो. पाकिस्तानी पाहुण्याचं प्रकरण आणखी नाजूक. २०२५ च्या एप्रिलपर्यंत तो व्हिसा ठरावीक शहरांपुरता मिळत असे. मुंबईच्या सामन्यासाठी मुंबईचा व्हिसा घेऊन आलेला माणूस नातलगांना भेटायला बोईसरला आला, तरी ते अटीचं उल्लंघन ठरत असे.

आता त्या हक्काकडे येतो, जो फक्त परदेशी माणसालाच असतो.

२४ एप्रिल १९६३ ला व्हिएन्नात वाणिज्य दूतांच्या संबंधांबद्दलचा करार झाला. भारत १९७७ मध्ये त्यात सामील झाला. त्याचं ३६ वं कलम सांगतं: परदेशी माणसाला अटक केली तर तुझ्या दूतावासाला कळवण्याचा हक्क तुला आहे, हे त्याला विलंब न लावता सांगा, त्याने म्हटलं तर विलंब न लावता कळवा, आणि दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटू द्या, बोलू द्या, वकील मिळवून देऊ द्या. ‘त्याने म्हटलं तर’ याला अर्थ आहे. आपल्याच सरकारच्या भीतीने पळालेल्या माणसाला दूतावासाला कळवू नका असंही म्हणता येतं. दूतावास कोणाला सोडवून आणत नाही, त्याला तो अधिकारच नाही. पण आपल्या भाषेत बोलणारा माणूस गजांपलीकडे येऊन बसतो, घरी निरोप देतो, तब्येत विचारतो, आणि मुख्य म्हणजे ठाण्यातल्या लोकांना कळतं की या माणसाच्या मागे कोणीतरी आहे. आपल्या नव्या फौजदारी संहितेत या हक्कासाठी वेगळं कलम घातलेलं नाही. घालायला हवं होतं.

आपली मंडळी आता सामने बघायला जगभर जातात, त्यांच्यासाठी हेच कलम उलट्या बाजूने. इंग्लंडमध्ये पोलीस ठाण्यात मोफत वकील मागता येतो, आणि परदेशी माणसाला त्याच्या दूतावासाचा हक्क ठाण्यातच सांगावा लागतो. अमेरिकेत काही देशांच्या नागरिकांना अटक झाली तर त्यांनी मागो न मागो, दूतावासाला कळवावंच लागतं; भारताचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे न्यू यॉर्कमध्ये ट्वेंटी-२० विश्वचषकाला गेलेल्या किंवा २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाला जाणाऱ्या मराठी माणसाने तोंड उघडून मागायला हवं, ‘मला भारतीय दूतावासाला कळवायचं आहे’. संयुक्त अरब अमिरातीत खेळाच्या मैदानांच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा आहे; मैदानात उतरणं, फटाके नेणं याला एक ते तीन महिने कैद आणि हजारो दिरहॅमचा दंड. आशिया चषकाच्या वेळी दुबई पोलिसांनी याची जाहीर आठवण करून दिली होती. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ हे पोर्टल आणि दूतावासांकडचा भारतीय समुदाय कल्याण निधी अशा वेळी उपयोगी पडतो. कुवत नसलेल्याला वकिलाचा खर्चही त्या निधीतून मिळू शकतो.

या कलमाचा अर्थ जगाला नीट समजावून सांगणारा खटला एका मराठी माणसाचा आहे. खेळाशी त्याचा काही संबंध नाही. कुलभूषण जाधव यांचं कुटुंब मुंबईत पवईला. पाकिस्तानच्या सांगण्यानुसार ३ मार्च २०१६ ला त्यांना पकडलं. भारताला कळवलं २५ मार्चला. भारताने वारंवार मागूनही भेट मिळाली नाही. १० एप्रिल २०१७ ला लष्करी न्यायालयाच्या फाशीची घोषणा झाली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेऊन बाजू मांडली. १७ जुलै २०१९ ला पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल लागला: तीन आठवड्यांनी कळवणं म्हणजे विलंब न लावता कळवणं नव्हे, हेरगिरीचा आरोप आहे म्हणून ३६ वं कलम गळून पडत नाही, आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. त्याच वर्षी २ सप्टेंबरला भारतीय अधिकारी जाधव यांना पहिल्यांदा भेटले. अटकेला साडेतीन वर्षं झाली होती.

हेगमध्ये पाकिस्तानने आणखी एक मुद्दा काढला होता, आणि तो पालघर जिल्ह्याच्या फार जवळचा आहे. २१ मे २००८ ला दोन्ही देशांनी दूतावासाच्या भेटीबद्दल आपसात करार केला आहे. सुरक्षेच्या प्रकरणात त्यानुसार वागता येतं, व्हिएन्नाचं कलम लागू नाही, असं पाकिस्तान म्हणत होता. न्यायालयाने ते मानलं नाही. आपसातला करार जुन्या हक्काला जोड देऊ शकतो, तो कापू शकत नाही. याच २००८ च्या करारावर डहाणू आणि तलासरीतल्या कित्येक घरांचं सुखदुःख टांगलेलं आहे. तिथली आदिवासी माणसं खलाशी म्हणून गुजरातच्या ओखा, पोरबंदर भागातल्या बोटींवर जातात. समुद्रात रेघ दिसत नाही. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट ओढून नेते, आणि माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. करार म्हणतो की तीन महिन्यांत दूतावासाची भेट द्यायची, आणि शिक्षा संपून नागरिकत्व पटलं की एका महिन्यात सोडायचं. प्रत्यक्षात शिक्षा संपून वर्ष-वर्ष उलटतं. नागरिकत्व पटवायचं म्हणजे कराचीहून नाव इस्लामाबादला, तिथून दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून तलासरीच्या पाड्यावर. तिथे पोलीस पाटलाला विचारायचं, हा तुमचाच ना.

वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या दिवशी वर्तमानपत्रात फक्त आकडा छापून येतो. आपलं माणूस त्या आकड्यात आहे का, हे विचारायला पाड्यावरची बाई दुसऱ्या दिवशी सकाळी बोटमालकाला फोन लावते.